मोजपट्टीच हलली तर?

डिसेंबर २०१९ मध्ये मृग नक्षत्राकडे रोज पाहणाऱ्यांना काहीतरी चुकल्यासारखे वाटू लागले. मृगाच्या खांद्यावरचा तांबूस तारा काक्षी, म्हणजेच बीटलज्यूस, एरवी आकाशातल्या पहिल्या दहा तेजस्वी ताऱ्यांत मोडतो. तो दिवसेंदिवस मलूल होत चालला होता. फेब्रुवारी २०२० च्या मध्यावर तो नेहमीच्या तेजाच्या जेमतेम ३५-४० टक्क्यांवर आला. हा तारा आता फुटणार, अशा बातम्या जगभर झळकल्या. तो फुटला नाही. ताऱ्याने बाहेर टाकलेल्या वायूतून तयार झालेला धुळीचा ढग मध्ये आल्याने तो मंद दिसला, असा निष्कर्ष पुढे निघाला आणि काही महिन्यांत तो पूर्ववत झाला.

पण तारा 'मंद झाला' हे ठरवायचे कसे? काक्षी इतका तेजस्वी आहे की मोठ्या दुर्बिणींचे संवेदक त्याच्या उजेडाने दिपून जातात. त्यामुळे या ताऱ्यावर लक्ष ठेवण्याचा मोठा भार पडतो तो हौशी निरीक्षकांवर. कुणाकडे लहान दुर्बीण आणि प्रकाशमापक असतो, कुणाकडे नुसते डोळे. डोळ्यांनी तेज मोजता येत नाही, फक्त ताडता येते. शेजारचा तारा याच्यापेक्षा उजळ की मंद, एवढेच डोळा सांगू शकतो. म्हणून तेज बदलणाऱ्या ताऱ्याची प्रत्येक नोंद ही खरे तर दोन-तीन ताऱ्यांची नोंद असते. एक तो स्वतः आणि बाकीचे ज्यांच्याशी त्याला ताडले ते तुलनेचे तारे. सारे लक्ष पहिल्यावर असते. घोटाळा बहुतेक वेळा दुसऱ्यांत असतो.

ताऱ्याचे तेज 'प्रती'त सांगतात. आकडा जितका लहान तितका तारा तेजस्वी. पहिल्या प्रतीचा तारा सहाव्या प्रतीच्या ताऱ्याच्या शंभर पट तेजस्वी, हे प्रमाण १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसनने पक्के केले. हा पॉगसन १८६१ पासून अखेरपर्यंत मद्रासच्या वेधशाळेत होता आणि त्याचे तिथले सहकारी चिंतामणी रघुनाथाचारी यांनी १८६७ मध्ये दक्षिण आकाशातला एक रूपविकारी तारा शोधून काढला. तेव्हा ही विद्या आपल्याकडे नवी नाही. एका प्रतीचा फरक म्हणजे अडीच पट, आणि एक दशांश प्रतीचा म्हणजे साधारण दहा टक्के. सरावलेला डोळा एक-दोन दशांशांपर्यंतचा फरक पकडतो. यापेक्षा बारीक काम डोळ्याकडून अपेक्षू नये.

पद्धत सोपी आहे. ज्याची प्रत हवी त्याच्यापेक्षा थोडा उजळ एक आणि थोडा मंद एक असे दोन तारे निवडायचे. समजा उजळ तारा ०.४ प्रतीचा आणि मंद तारा ०.९ प्रतीचा आहे. आपला तारा या दोघांच्या बरोबर मध्ये वाटला तर त्याची प्रत साधारण ०.६ किंवा ०.७. फ्रीडरिख आर्गेलांडर या जर्मन ज्योतिर्विदाने १८४४ मध्ये खगोलप्रेमींना जाहीर आवाहन करून हे काम लोकांच्या हाती दिले. त्याच्या काही वर्षे आधी जॉन हर्शेलने काक्षीची अस्थिरता ओळखली होती तीही अशीच, तेजस्वी ताऱ्यांची क्रमवारी पुन्हा पुन्हा लावून. १९११ मध्ये अमेरिकेत अशा निरीक्षकांची संघटना उभी राहिली. अमेरिकन असोसिएशन ऑफ व्हेरिएबल स्टार ऑब्झर्व्हर्स हे तिचे नाव. तिच्या संग्रहात आज कोट्यवधी नोंदी आहेत. जेसोरच्या सरकारी खजिन्यात नोकरी करणारे राधागोविंद चंद्र यांनी एकट्याने तिथे ३७ हजारांहून अधिक नोंदी पाठवल्या. खरे-खोटे नाणे ओळखणे हा जिथला रोजचा व्यवहार, तिथला माणूस रात्री ताऱ्यांची पारख करत होता.

या सगळ्या इमारतीचा पाया एका गृहीतावर आहे. तुलनेचा तारा स्थिर असतो आणि त्याची छापलेली प्रत बरोबर असते.

वैद्यकात हा प्रश्न चांगला ओळखीचा आहे. आज पन्नाशीत असलेल्या डॉक्टरांनी विद्यार्थिदशेत साहलीच्या नळीत हिमोग्लोबिन मोजले आहे. रक्ताचा थेंब सौम्य आम्लात मिसळायचा, तो तपकिरी झाला की थेंब थेंब पाणी घालत शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळवायचा आणि नळीवरचा आकडा वाचायचा. रंग जुळवणारा डोळा कितीही प्रामाणिक असो, वर्षानुवर्षांत ती काचच फिकी पडली असेल तर प्रत्येक रुग्णाचा आकडा सारखाच चुकणार. वाईट म्हणजे अशी चूक दिसत नाही. दोघांनी मोजले तरी दोघांचे आकडे जुळतात, कारण दोघांची काच एकच असते. आकडे जुळले की माणूस निर्धास्त होतो. म्हणून चांगल्या प्रयोगशाळेत रोज सकाळी रुग्णांच्या नमुन्यांआधी ज्ञात मूल्याचा नमुना तपासतात. यंत्र रुग्णाबद्दल काय म्हणते ते नंतर, आधी ते स्वतःबद्दल खरे बोलते का ते पाहायचे.

आकाशात अशी फिकी पडलेली काच सापडल्याची उदाहरणे आहेत, आणि ती गमतीची आहेत.

पहिले उदाहरण तर या शास्त्राच्या जन्माचेच. ऑगस्ट १५९६ मध्ये डेव्हिड फॅब्रिशियस हा धर्मोपदेशक एका ग्रहाचे आकाशातले स्थान मोजत होता. त्यासाठी खुणेचा एखादा तारा हवा म्हणून त्याने जवळचा तिसऱ्या प्रतीचा एक तारा धरला. काही आठवड्यांत तो खुणेचा ताराच उजळ झाला आणि ऑक्टोबरपर्यंत दिसेनासा झाला. हाच मीरा. सुमारे ३३२ दिवसांच्या चक्राने तो नुसत्या डोळ्यांना दिसतो आणि नाहीसा होतो. ज्या खांबाला दोरी बांधली तो खांबच चालू लागला, अशातली ही गत. मोजायचे काम बाजूला राहिले आणि शोध मात्र लागला.

दुसरे उदाहरण आपल्या मनाला अधिक लागणारे आहे, कारण ते ध्रुवाचे. एडवर्ड पिकरिंगने हार्वर्डला एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थकात ताऱ्यांच्या प्रती यंत्राने मोजायला घेतल्या. आकाशाच्या मध्यरेषेवरून जाणारा तारा आणि ध्रुवतारा, दोघांच्या प्रतिमा एकाच चौकटीत शेजारी शेजारी आणायच्या आणि एकाचा प्रकाश कमी करत दोन्ही सारखे दिसेपर्यंत जुळवायचे, अशी त्याची रीत होती. उत्तर गोलार्धात ध्रुव रात्रभर, वर्षभर हाताशी असतो, जागचा हलत नाही. तुलनेसाठी याहून सोयीचा तारा कोणता? १८८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादीतल्या चार हजारांहून अधिक ताऱ्यांच्या प्रती अशा मिळाल्या. पुढे १९११ मध्ये एज्नार हर्ट्झस्प्रुंगने छायाचित्रांवरून दाखवून दिले की ध्रुव स्वतःच सुमारे चार दिवसांच्या आवर्तनाने फुगतो आणि आकसतो, आणि त्याचे तेज त्या काळी साधारण एक दशांश प्रतीने खालीवर होत असे. स्थानाने अढळ असणे आणि तेजाने अढळ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीवरून दुसरी गृहीत धरण्याचा मोह मोठमोठ्यांना झाला. ध्रुवाची आणखी तऱ्हा म्हणजे त्याचे हे खालीवर होणेही एकसारखे नाही. विसाव्या शतकाच्या अखेरीस ते दोन-तीन शतांशांपर्यंत उतरले आणि नंतर पुन्हा थोडे वाढले.

पिकरिंगची यादी त्यामुळे टाकाऊ ठरली नाही. त्याच्या मोजणीतल्या इतर चुका याच मापाच्या होत्या आणि अनेक रात्रींची सरासरी घेतली की ध्रुवाची लहर त्यात विरून जाते. चूक किती आहे, यापेक्षा ती कोणत्या कामासाठी किती आहे हे महत्त्वाचे. घरी ताप मोजताना थर्मामीटर दशांश अंशाने चुकला तर काही बिघडत नाही.

तिसरे उदाहरण अलीकडचे. वृश्चिकाच्या डोक्यातला डेल्टा हा आपल्या अनुराधा नक्षत्राचा योगतारा. याद्यांमध्ये त्याची प्रत पिढ्यान्‌पिढ्या २.३ अशीच छापली जात होती. जुलै २००० मध्ये अर्जेंटिनातल्या सेबॅस्टियन ओतेरो या हौशी निरीक्षकाच्या लक्षात आले की हा तारा शेजाऱ्यांच्या मानाने उजळ दिसतो आहे. पुढे तो १.६ प्रतीपर्यंत चढला आणि वृश्चिकाचा चेहराच बदलला. या ताऱ्याला एक जोडीदार आहे आणि तो सुमारे पावणेअकरा वर्षांनी लांबट कक्षेतून अगदी जवळ येऊन जातो. त्याच सुमारास मुख्य ताऱ्याभोवती स्वतःच फेकलेल्या वायूची तबकडी तयार झाली होती.

आता समजा, त्या वर्षी कुणी हा तारा तुलनेसाठी वापरला असता. तो प्रत्यक्षात १.९ चा झाला आहे, पण तक्त्यावर २.३ आहे. निरीक्षकाने पाहिलेला तारा त्याच्यापेक्षा दोन दशांशांनी मंद वाटतो, म्हणजे खरा २.१ प्रतीचा. नोंद मात्र २.५ अशी होणार. आलेखात तो बिचारा चार दशांशांनी खाली गेलेला दिसणार. तो अंधारला नव्हता, शेजारी उजळला होता.

म्हणून जाणते निरीक्षक एका तुलनेवर कधीच विसंबत नाहीत. तुलनेचा तारा तपासण्यासाठी आणखी एक तारा ठेवतात. कॅमेऱ्याने मोजणाऱ्यांत तर हा नियमच आहे. एकाशी ताडून प्रत काढायची आणि दुसऱ्याची, जी आधीच माहीत आहे, ती त्याच पद्धतीने काढून पाहायची. ती चुकली तर त्या रात्रीची नोंद बाजूला ठेवायची. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्यालाही हे करता येते. तिसऱ्या ताऱ्याशी मेळ बसत नसेल तर वहीत तसे लिहायचे. ओतेरोच्या हाती जे लागले ते अशाच न बसलेल्या मेळातून.

तुलनेचा तारा अगदी स्थिर असला तरी त्याचा छापलेला आकडा चुकीचा असू शकतो. जुन्या तक्त्यांवरचे आकडे वेगवेगळ्या काळी, वेगवेगळ्या साधनांनी, काही तर डोळ्यांनीच मोजलेले होते. १९८९ मध्ये सोडलेल्या हिपार्कस उपग्रहाने लाखाहून अधिक ताऱ्यांची तेजे वारंवार आणि एकाच मापाने मोजली. तेव्हा कितीतरी आकडे सुधारावे लागले आणि हजारो 'स्थिर' तारे अस्थिर निघाले. तक्ता बदलला की एक नवी अडचण उभी राहते. कालपर्यंत ८.९ धरलेला तारा आजपासून ९.१ झाला, तर ज्या ताऱ्याला काहीच झाले नाही त्याचा आलेख तक्ता बदलल्याच्या तारखेला दोन दशांशांनी घसरतो. रक्तदाबाची उच्च मर्यादा बदलली की एका रात्रीत रुग्णांची संख्या वाढते, तसेच हे.

यावरचा उपाय साधा आणि उत्तम आहे. निरीक्षकाने फक्त प्रत कळवायची नाही. कोणत्या दोन ताऱ्यांशी ताडले आणि कोणता तक्ता वापरला हेही नोंदीत द्यायचे. तक्त्यावर प्रत्येक ताऱ्यापुढे त्याची प्रत दशांशचिन्ह गाळून छापतात, म्हणजे ९.३ ऐवजी ९३, कारण तो टिंब एखादा तारा वाटू शकतो. '८९ आणि ९३ यांच्यामध्ये, अमुक तक्ता' असे लिहिलेले असेल तर पन्नास वर्षांनीही सुधारित आकडे घालून ती नोंद पुन्हा मांडता येते. नुसते '९.१' लिहिलेले असेल तर काही करता येत नाही. केसपेपरवर 'साखर वाढली' एवढेच लिहावे आणि उपाशीपोटी की जेवणानंतर, रक्तात की लघवीत, ते लिहू नये, तशी ती नोंद.

आता डोळ्याकडे वळू. तुलनेचा तारा चोख असला तरी डोळा निःपक्षपाती नाही. रेटिनाच्या मध्यबिंदूत फक्त शंकुपेशी असतात. त्यांना रंग कळतात, पण उजेड भरपूर लागतो. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी त्याभोवती पसरलेल्या असतात. त्यांना पूर्ण जागे व्हायला अर्धा तास लागतो आणि लाल प्रकाश त्यांना जवळजवळ दिसतच नाही. उजेड कमी होत जातो तसे लाल फूल काळवंडते आणि निळे फूल उजळ भासते, हे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला यान पुर्किन्ये या चेक शरीरशास्त्रज्ञाने नोंदले. डॉक्टरांना त्याचे नाव हृदयातल्या तंतूंमुळे ठाऊक असते, खगोलनिरीक्षकांना या परिणामामुळे. याचा अर्थ असा की लाल तारा आणि निळा-पांढरा तारा यांची तुलना पाहण्याच्या पद्धतीवर बदलते. लाल ताऱ्याकडे टक लावून पाहिले तर तो अधिकाधिक तेजस्वी वाटू लागतो. म्हणून लाल तारा पाहताना भराभर, ओझरत्या नजरेने पाहायचे. दुर्बीण असेल तर प्रतिमा किंचित धूसर करून दोन्ही ठिपक्यांची तबकडी जुळवायची.

२०२० च्या फेब्रुवारीत नेमकी हीच अडचण आली. काक्षी नेहमीच्या तेजाचा असताना त्याला प्रश्वा आणि रोहिणी यांच्यामध्ये बसवता येते. रोहिणीही नारिंगी, त्यामुळे रंग थोडाफार जुळतो. ती स्वतः किंचित बदलते, पण डोळ्याला जाणवण्याइतकी नाही. काक्षी १.६ वर उतरला तेव्हा त्या प्रतीचा जवळचा तारा म्हणजे मृगाच्या दुसऱ्या खांद्यावरचा बेलाट्रिक्स. प्रत जुळली, शेजारही जुळला, पण एक तांबडा आणि दुसरा निळसर पांढरा. त्या आठवड्यांत दोन अनुभवी माणसांच्या नोंदींत दोन-तीन दशांशांचा फरक पडला तर नवल नव्हते.

वयाचाही हिशेब असतो. वय वाढते तसे डोळ्यातले भिंग पिवळसर होत जाते आणि निळा प्रकाश अडवू लागते. विशीतल्या आणि साठीतल्या निरीक्षकाला बेलाट्रिक्स सारखाच उजळ दिसणार नाही. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली की निळे पुन्हा लख्ख दिसते आणि त्या दिवसापासून निरीक्षकाची जुनी आणि नवी नोंद यांच्यात फट पडू शकते. शस्त्रक्रियेची तारीख निरीक्षणवहीत लिहून ठेवावी. हा सल्ला कुठल्याही नेत्रविभागात मिळणार नाही.

आणखी एक खोड. दोन तारे वर-खाली असतील तर ते रेटिनाच्या वेगवेगळ्या भागांवर पडतात आणि अर्ध्या प्रतीपर्यंत चूक होऊ शकते. मान तिरकी करून दोन्ही ताऱ्यांना जोडणारी रेषा आपल्या दोन डोळ्यांच्या रेषेला समांतर आणली की हा दोष बराच जातो. आणि कालची नोंद पाहून आजची करू नये. रक्तदाब मोजताना शेवटचा आकडा शून्यच वाचण्याची सवय कित्येकांना असते, मनात आकडा आधीच असला की डोळा त्याला होकार देतो.

हवेचा भाग थोडक्यात. डोक्यावरच्या ताऱ्याचा प्रकाश हवेच्या एका थरातून येतो असे धरले तर क्षितिजापासून ३० अंशांवरचा दोन थरांतून आणि २० अंशांवरचा जवळपास तीन थरांतून येतो. चांगल्या स्वच्छ हवेतही दर थराला पाव प्रत गळते. तारा ६० अंशांवर आणि तुलनेचा तारा २० अंशांवर असेल तर चार दशांशांहून अधिक चूक निव्वळ हवेची. मुंबई-पुण्याच्या हिवाळी धुरक्यात ती याहून जास्तच. तुलनेचा तारा शक्यतो त्याच उंचीवर हवा. तेजस्वी ताऱ्यांच्या बाबतीत हेच सर्वांत कठीण, कारण तेजस्वी तारे मोजके आणि विखुरलेले.

हौशी माणसांच्या दोन दशांशांसाठी एवढी यातायात कशाला, असे वाटू शकते. हंस तारकासमूहातला एसएस सिग्नी हा तारा एरवी बाराव्या प्रतीचा असतो आणि काही आठवड्यांनी अचानक भडकून आठव्याच्या जवळ जातो. त्याचे आधी मोजलेले अंतर सिद्धांताशी जुळत नव्हते. भडका असतानाच त्याच्याकडून रेडिओ लहरी मिळतात, म्हणून रेडिओ दुर्बिणी नेमक्या कधी वळवायच्या हे हौशी निरीक्षकांच्या नोंदींवर ठरले. २०१३ मध्ये त्याचे अंतर सुमारे ३७० प्रकाशवर्षे निघाले, आधीच्या मापापेक्षा बरेच कमी, आणि सिद्धांत वाचला. तिथे चुकीच्या ताऱ्याशी ताडून कुणी 'भडकला' असे कळवले असते तर दुर्बिणींचा मोलाचा वेळ वाया गेला असता.

सध्या अशा सर्वांचा डोळा उत्तर मुकुटातल्या टी कोरोने बोरिअॅलिसवर आहे. एरवी दहाव्या प्रतीचा हा तारा १८६६ आणि १९४६ मध्ये दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीपर्यंत भडकला होता आणि त्याच्या पुढच्या भडक्याची वाट पाहिली जात आहे. महाराष्ट्रातून हा मुकुट एप्रिल-मेच्या रात्री स्वाती आणि अभिजित यांच्या मधल्या पट्ट्यात, स्वातीच्या बाजूला, छान वर येतो. पुण्यात १९४४ पासून ज्योतिर्विद्या परिसंस्था आहे, इतर शहरांतही आकाशमंडळे आहेत. पावसाळ्याचे चार महिने सोडले तर पाहणाऱ्यांची वाण नाही. भडका झालाच तर बहुतेक जण त्याला मुकुटातल्या सर्वांत तेजस्वी, २.२ प्रतीच्या अल्फेक्काशी ताडतील, कारण तो अगदी शेजारी आहे. पण अल्फेक्का हे जोडतारे आहेत. दर सतरा-साडेसतरा दिवसांनी त्यातला एक दुसऱ्याला झाकतो आणि काही तास त्यांचे तेज दहा टक्क्यांनी उतरते. तेव्हा जोडीला भुजंगधारीतला २.१ प्रतीचा अल्फा आणि भूतपातला २.७ प्रतीचा ईटा हेही पाहून ठेवावेत, आणि तिघांपैकी कोणाकोणाशी ताडले ते वेळेसकट वहीत लिहावे.